बटण एकदाच दाबावे

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

ऑफिसात बोलावं असं कोणी उरलेलं नाही, म्हणून ही वही. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायला हरकत नाही.

खरं असं की रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर चालणारा प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिला आणि तो अकरा वर्षं चालतोय. खिडकीतली बाई पेशंटचं नाव टाकते, ‘नोंदणी’ बटण दाबते, चिठ्ठी छापून येते, हॉलमधल्या बोर्डावर नंबर लागतो. एवढं साधं काम. तरी आज पुन्हा फोन. स्क्रीन पांढरी पडते, काही हलत नाही, आणि मग एकाच पेशंटच्या सहा चिठ्ठ्या बाहेर येतात.

विचारलं, बटण किती वेळा दाबलंत? म्हणे सहा वेळा.

मग सहा येणार नाहीत तर किती येणार? प्रोग्रॅमचं गणित चोख आहे. माणसांचं कच्चं आहे.

दुपारी १.१५

मोठ्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, सगळ्यांना बोलावलं. २७ तारखेला रुग्णालयात प्रात्यक्षिक. त्यांचं संचालक मंडळ समोर बसणार. आवडलं तर उरलेल्या पाचही खिडक्यांवर आपलाच प्रोग्रॅम. नाही आवडलं तर आहे त्या खिडकीवरूनही गाशा गुंडाळायचा. आणि विभागप्रमुखाची खुर्ची जानेवारीपासून रिकामी आहे, तिचाही निर्णय त्याच दिवशी. हे सांगताना साहेब माझ्याकडे बघत होते. निदान माझ्या दिशेने. माझ्या मागे खिडकी आहे, पण त्या खिडकीत बघण्यासारखं काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत विभागप्रमुखाची केबिन मोजून आलो. नऊ बाय अकरा. दार आहे. ते लावूनही घेता येतं.

३ मार्च, मंगळवार

नवीन बाई रुजू झाल्या. पंचेचाळिशीच्या. नऊ वर्षं घरी होत्या, सासूबाईंचं आजारपण काढलं, आता परत नोकरी. साहेबांनी माझ्या हाताखाली दिल्या. नऊ वर्षांत आपलं क्षेत्र कुठल्या कुठे गेलं, यांना काय पत्ता. मी स्वतः अकरा वर्षं तेच वापरतोय, पण मी मूलभूत गोष्टी वापरतो. त्या बदलत नसतात.

त्यांना इव्हेंट क्यू समजावून सांगितली. माउसचं क्लिक, कीबोर्डवरची बोटं, स्क्रीन पुन्हा रंगवायची मागणी, हे सगळे इव्हेंट. आले की एका रांगेत उभे. प्रोग्रॅम रांगेच्या तोंडाशी बसलेला. एक इव्हेंट घ्यायचा, त्याचं काम पूर्ण करायचं, मग पुढचा. मध्ये कोणी घुसायचं नाही. ‘नोंदणी’ दाबलं की मी पेशंटची जुनी माहिती सर्व्हरवरून आणतो, तपासतो, नंबर काढतो, चिठ्ठी छापतो, सगळं एका दमात. दहा-बारा सेकंद लागतात. याला शिस्त म्हणतात.

बाईंनी विचारलं, त्या बारा सेकंदांत बाकीची रांग काय करते?

थांबते, म्हटलं. रांग असते कशासाठी?

तर म्हणाल्या, ते बारा सेकंदांचं काम मागे वेगळ्या थ्रेडवर टाकावं. रांगेच्या तोंडाशी जो बसलाय त्याने फक्त घ्यावं, मागे द्यावं आणि पुढच्यासाठी मोकळं व्हावं. थ्रेड म्हणजे धागा. एका प्रोग्रॅममध्ये दुसरा धागा, तिसरा धागा, आणि मग गुंता सोडवत बसा. हे त्यांना ऐकवलं. त्यांचं नाव धागाबाई ठेवलं, अर्थात मनातल्या मनात.

५ मार्च, गुरुवार

दुखणं माणसाचं, तर औषधही माणसालाच हवं. शंभर स्टिकर छापून घेतले. ‘बटण एकदाच दाबावे.’ ठळक, लाल, खाली माझ्या सहीची जागा ठेवणार होतो पण आवरलं. खिडकी एक आणि स्टिकर शंभर का, असं छापणाऱ्याने विचारलं. त्याला पुढच्या पाच खिडक्यांचं काय माहीत.

धागाबाई म्हणाल्या, एक दिवस खिडकीवर जाऊन बसू का. कशाला? प्रोग्रॅम इथूनच दिसतो. मी अकरा वर्षांत एकदाही गेलो नाही आणि काही अडलं नाही.

६ मार्च, शुक्रवार. ११.२०

खिडकीवरच्या बाईंचा फोन. फोनवर मी ‘सपोर्ट’ एवढंच म्हणतो. ज्याने लिहिलं त्यानेच उचलला हे कळलं तर माणसं डोक्यावर बसतात.

स्टिकर लावलं म्हणाल्या. आता एकदाच दाबते, पण स्क्रीन पांढरी पडली की बटण लागलं की नाही तेच कळत नाही, म्हणून खात्रीसाठी अजून एकदा दाबते. बोलता बोलता फोनमध्ये ऐकू येत होतं. टक. टक टक. टक टक टक.

यांचं नाव टकटकबाई.

खात्रीसाठी म्हणे. अशी माणसं लिफ्टचं बटणही आठ वेळा दाबतात. यांच्यासाठी मी आयुष्य वेचलं.

९ मार्च, सोमवार

बरं. माणसं सुधारत नाहीत तर त्यांना सांगून बघू. काम सुरू झालं की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘कृपया थांबा’ असं येईल. दहा मिनिटांत लिहिलं. संध्याकाळपर्यंत कौतुकाचा फोन येईल.

संध्याकाळी ५.००

फोन आला. टकटकबाई म्हणतात, आधी स्क्रीन पांढरी पडते, मग चिठ्ठी येते, आणि चिठ्ठी आल्यावर ‘कृपया थांबा’ येऊन जातं. आता कशासाठी थांबू, असं विचारत होत्या. आवाजात खोच होती.

धागाबाई शेजारून म्हणाल्या की अक्षरं रंगवायची मागणीही त्याच रांगेत उभी आहे, आणि ती तुमच्या बारा सेकंदांच्या मागे आहे. तुमचं काम संपल्याशिवाय तिचा नंबर येणारच नाही.

मला ते माहीत होतं. त्यांना कळतं का बघत होतो.

१० मार्च, मंगळवार

एक काम पूर्ण झाल्याशिवाय दुसरं ऐकायचं नाही हा माझा नियम मी घरीही पाळतो. संध्याकाळी बुटाची गाठ बसली होती, ती सोडवत होतो. बायको बोलत होती. गाठ सुटल्यावर लक्षात आलं की तिने चार वेळा बल्ब आणायला सांगितलं. गेलो आणि चार बल्ब आणले. बायको बल्बांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मुलगी तोंडावर हात धरून आतल्या खोलीत गेली.

तोच प्रकार. सांगणाऱ्याने एकदा सांगावं.

जेवताना केबिनचं सांगितलं. बायकोने विचारलं, नक्की? म्हटलं, दुसरं आहे कोण. तिने हात धुवायच्या आधी भावाला फोन लावला. हा मेव्हणा त्याच्या कंपनीत विभागप्रमुख आहे आणि दर भेटीत ते काही ना काही निमित्ताने सांगतो. मागच्या वेळी भाताचा विषय चालला होता, तिथूनही तो आपल्या केबिनवर आला. २७ तारखेला संध्याकाळी त्याला जेवायला बोलावलंय. त्या दिवशी काय बोलेल बघू.

१२ मार्च, गुरुवार. ४.१०

सुटलं. कोडं सुटलं आणि कुठल्याही धाग्याशिवाय सुटलं.

त्या लांबलचक कामाच्या मध्ये मध्ये मी एक ओळ घातली. माहिती आणली की थांबायचं, रांगेला विचारायचं, कोणी आहे का? असेल तर त्याचं उरकून घ्यायचं आणि परत आपल्या कामाला लागायचं. आता स्क्रीन रंगते. ‘कृपया थांबा’ वेळेवर दिसतं. एका ओळीत काम झालं. साहेबांना लगेच जाऊन सांगितलं. ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते, त्यांनी अंगठा दाखवला.

धागाबाईंनी विचारलं, त्या मधल्या वेळात ‘नोंदणी’चंच दुसरं क्लिक आलं तर?

येऊ द्या, म्हटलं.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. गप्प बसवलं.

१३ मार्च, शुक्रवार

एक बहात्तर वर्षांचे निवृत्त गणिताचे मास्तर प्रसूती विभागात जाऊन बसले.

झालं असं की मास्तरांची नोंदणी अर्धी असताना टकटकबाईंनी पुढच्या बाईचं नाव टाकून बटण दाबलं. माझ्या नव्या ओळीने विचारलं कोणी आहे का, तर हे क्लिक होतं. मग मास्तरांचं काम पोटात तसंच ठेवून प्रोग्रॅमने त्या बाईचं काम पूर्ण केलं आणि परत मास्तरांकडे आला. तोवर विभागाच्या रकान्यात त्या बाईचा विभाग बसला होता. मास्तरांचं नाव, प्रसूती विभाग. चिठ्ठी स्वच्छ छापलेली.

दीड तास बसले म्हणे. नंबर लागत नाही म्हणून तक्रार केली. लागला असता तर काय केलं असतं कोण जाणे.

आता यात चूक कोणाची? हातातली चिठ्ठी वाचून न बघणाऱ्याची. जन्मभर पोरांना उदाहरण दोनदा वाचा म्हणून सांगितलं असणार. टकटकबाईंनाही बोललो. तर त्या म्हणाल्या, त्या मास्तरांना मीच हात धरून खाली आणलं आणि माफी मागितली. मागा. प्रोग्रॅमच्या वतीने कोणी माफी मागायला सांगितली नव्हती.

१६ मार्च, सोमवार

धागाबाईंनी शनिवारी स्वतःच्या सुट्टीत खिडकीवर जाऊन दिवस काढला. दोन पानं लिहून आणलीत. शिवाय प्रोग्रॅमची एक छोटी प्रत घरी बसून बदललीय, सावकाश होणारं सगळं मागे नेलंय, एकदा बघता का म्हणाल्या. वेळ नाही म्हटलं. पानं ठेवून घेतली. चांगल्या जाड कागदाची आहेत, चहाचा डाग टेबलावर पडत नाही.

साहेबांनी बोलावून विचारलं, बाईंचं म्हणणं करून बघायचं का?

मी शांतपणे सांगितलं. प्रात्यक्षिक अकरा दिवसांवर, अशा वेळी धाग्यांचा खेळ करायचा असेल तर करा, पण मग माझं नाव घेऊ नका. माझ्या पद्धतीने होणार असेल तर जबाबदारी संपूर्ण माझी. साहेब म्हणाले, लिहून द्या. लगेच दिलं. सही ठसठशीत आली.

परत येताना केबिनमध्ये डोकावलो. पडदा बदलावा लागेल.

१८ मार्च, बुधवार

काल-आज मिळून मुळावरच घाव घातला.

मास्तरांचा घोळ पुन्हा होणार नाही. एक नोंदणी चालू असताना दुसरं क्लिक आलं तर प्रोग्रॅम ते करत नाही, फक्त मोजतो. मोजता मोजता सहा झाली की समोर एक चौकट येते:

‘आपण गोंधळलेले दिसता. सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची का?’

खाली दोन बटणं. होय. नाही.

हे वाचून माणूस ओशाळेल आणि हात आवरेल, ही कल्पना. ‘होय’ कोणी दाबणार नाही. आणि दाबलंच तर रांग खरोखर पहिल्यापासून सुरू होईल. मी पोकळ धमक्या देत नाही.

‘होय’ बटण बरोबर ‘नोंदणी’च्या जागेवर येईल असं बसवलं. माउस इकडेतिकडे फिरवायला नको. वापरणाऱ्याच्या मनगटाचा इतका विचार करणारा प्रोग्रॅमर कोणी दाखवावा.

धागाबाईंनी चौकट वाचली. मग म्हणाल्या, निदान त्या जागी ‘नाही’ ठेवा, ‘होय’ लांब ठेवा. म्हटलं, मांडणी म्हणून काही गोष्ट असते. त्या म्हणाल्या, मांडणीचं नाही म्हणत मी. मग काय ते सांगायला लागल्या, पण तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडली होती, एक काम चालू असताना मी दुसरं ऐकत नाही.

२० मार्च, शुक्रवार

दोन दिवस एकही फोन नाही. विजय. धाक हा असा लागतो.

दुपारी

धागाबाई म्हणाल्या, फोन नाहीत कारण टकटकबाईंनी प्रोग्रॅम वापरणंच सोडलंय. सकाळची गर्दी असते तोवर त्या वहीत नावं लिहून घेतात, हाताने नंबर देतात आणि दुपारी निवांत मशीनमध्ये भरतात.

म्हणजे प्रोग्रॅमवर ताण नाही. चांगलंच आहे. पण २७ ला वही दिसता कामा नये. कपाटात ठेवायला सांगितली.

२४ मार्च, मंगळवार

ऑफिसात रंगीत तालीम. माझ्या मशीनवर, चार पेशंट घालून. ‘नोंदणी’ दाबलं आणि अर्ध्या सेकंदात चिठ्ठी. पांढरी स्क्रीन नाही, काही नाही. दहा वेळा केलं. साहेब खूश. धागाबाईंनी विचारलं, तिथे जुनी नावं चार लाख आहेत आणि सकाळी दहाला सगळे विभाग एकाच वेळी सर्व्हरवर असतात, तिथली तालीम कधी? काही लोकांना दुधातही माशी सापडते.

भाषण तयार आहे. सुरुवात अशी: ‘रांग ही शिस्तीची पहिली पायरी आहे.’ आरशासमोर म्हणून बघितलं. हात खिशात ठेवावा की नाही हे ठरत नाही.

पाटीवाल्याकडे फक्त चौकशी करायला गेलो. पितळी अक्षरांत नावाची पाटी, खाली ‘विभागप्रमुख’. तो म्हणाला, नाव सांगून ठेवा, आठवड्यात होईल. सांगून ठेवलं.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.५०

नवा शर्ट. हात खिशात नाही. आज.

दुपारी ३.३०

जसं झालं तसं लिहितो.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. इतकी रोज असतात म्हणे. मला वाटलं प्रात्यक्षिकासाठी बोलावलीत. संचालक पाच, त्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई. भिंतीवर सहा फुटी पडदा, खिडकीतली स्क्रीन त्यावर दिसेल असा. टकटकबाईंना उठायला सांगितलं. त्यांना एवढंच माहीत होतं की मी कंपनीकडून आलेला कोणी साहेब. त्या उठल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा पाहिल्या. फोनवरून वाटायच्या त्यापेक्षा लहानखुऱ्या आहेत.

प्रात्यक्षिकाचा पहिला पेशंट हात गळ्यात बांधलेला एक सुतार. नाव टाकलं. पहिलं वाक्य म्हटलं. ‘नोंदणी’ दाबलं.

स्क्रीन पांढरी पडली. सहा फुटी पांढरी.

मी दुसरं वाक्य म्हटलं. तिसरंही म्हटलं. चौथं तयार केलेलं नव्हतं. तो सुतार माझ्याकडे बघत होता, त्याच्या मागे बाकीचे दीडशे. मी पुन्हा एकदा दाबलं. लागलं की नाही कळत नव्हतं. तेव्हा अजून एकदा. त्यानंतर हात आपोआप चालत होता, मी किती वेळा दाबलं ते मोजलं नाही. प्रोग्रॅमने मोजलं.

सर्व्हरवरून माहिती आली, प्रोग्रॅमने रांगेला विचारलं कोणी आहे का, आणि माझी सगळी क्लिक ओळीने उभी होती. सहावं मोजून झालं आणि भिंतीवर आलं: ‘आपण गोंधळलेले दिसता.’

डॉक्टरीणबाईंनी ते मोठ्यांदा वाचलं. त्यांचं वाचून व्हायच्या आत माझं सातवं क्लिक पुढे आलं. त्या जागी आता ‘होय’ होतं.

हॉलमधल्या बोर्डावर ८७ होता. तो १ झाला.

सगळे एकदम उठले. कोणी ओरडत होतं, कोणी चिठ्ठी हलवत होतं. मी माउस धरून बसलो होतो. खरं तर भीती वाटली. इतकी माणसं एकदम खिडकीशी येताना मी कधी पाहिली नव्हती.

टकटकबाई जवळ आल्या. म्हणाल्या, “जरा सरका.”

मी सरकलो. त्यांनी कपाटातून वही काढली. खिडकीत हात घालून पहिल्याचा कागद घेतला, त्यावर नंबर टाकला, मागच्या खोलीत दिला, त्याला म्हणाल्या बसा, नाव घेते. लगेच दुसऱ्याचा. मागच्या खोलीत आमच्याबरोबर आलेल्या धागाबाई जुनी कागदपत्रं काढायला लागल्या होत्या, त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. कोणाचं कागदपत्र लवकर मिळे, कोणाचं उशिरा, जसं मिळेल तसं बाई नाव पुकारत होत्या. एकाचंही काम पूर्ण न करता दुसऱ्याचं घ्यायचं, ही काही पद्धत नव्हे. पण खिडकी एकदाही थांबली नाही. चाळीस मिनिटांत सगळे खाली बसले होते. हेही लिहितो, खरं लिहायचं ठरलंय म्हणून.

परतीच्या गाडीत साहेबांनी एकदा काच खाली केली, एकदा वर केली.

रात्री ८.१५

मेव्हणा आला होता. बायकोने सगळं नीट केलं होतं, चांगली ताटं काढली होती. मी आल्यापासून तिने काही विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. मेव्हण्याला काय कळणार. त्याने विचारलं, मग, कशी आहे केबिन?

म्हटलं, नऊ बाय अकरा.

३० मार्च, सोमवार

रुग्णालयाने तीन आठवडे दिलेत. चालत नसेल तर उचला म्हणालेत. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना सांगितलं म्हणे की त्या मागच्या खोलीतल्या बाई कोण होत्या, त्यांनी केलं तर बघू.

धागाबाई विभागप्रमुख. साहेबांनी माझा कागद पुढे केला, ठसठशीत सहीचा, आणि परत खणात ठेवला. बोलले काही नाहीत. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, उत्तर तयार होतं. सर्व्हर त्यांचा, गर्दी त्यांची, माउस त्यांचा. फक्त बोट माझं.

ही तात्पुरती व्यवस्था आहे असं माझं मत आहे.

धागाबाई केबिन नको म्हणाल्या. सगळ्यांच्यात बसलेलं बरं पडतं म्हणे. केबिनमध्ये प्रिंटर ठेवणार आहेत.

७ एप्रिल, मंगळवार

धागाबाईंनी ती दोन पानं परत मागितली. पहिल्या पानावर कपाचं गोल वर्तुळ उठलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि ‘चालेल’ म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज प्रथमच वाचली. दुसऱ्या पानावर नुसती एका सकाळची नोंद आहे, किती वाजता स्क्रीन पांढरी पडली आणि त्या वेळी खिडकीसमोरचा माणूस काय म्हणाला. सगळं वाचलं नाही. बरंच लिहिण्यासारखं नव्हतं, पण बाईंनी लिहिलंय.

१७ एप्रिल, शुक्रवार

नवा प्रोग्रॅम सोमवारी लागतोय. मला दोन आठवडे खिडकीवर बसायला पाठवणार आहेत, काही अडलं तर कळवायला. म्हणजे अनुभवी माणूस जागेवर हवाच, हे त्यांनाही पटलंय. धागे आहेत ते, गुंतणार. पहिल्या गर्दीत गुंतणार. वेळ लिहून ठेवायला एक वेगळी वही घेतलीय.

बायकोला म्हटलं, महत्त्वाची कामगिरी आहे. ती म्हणाली, डबा देऊ का? एकदाच म्हणाली.

२१ एप्रिल, मंगळवार

काल आणि आज दिवसभर खिडकीत, टकटकबाईंच्या शेजारी स्टुलावर.

बटण दाबलं की लगेच ‘घेतलं’ असं येतं. बाई पुढचं नाव टाकायला लागतात, चिठ्ठी मागून तिच्या वेळेने येते. काल सकाळपासून अडकायची वाट बघतोय. आज चारपर्यंत दोनशे बारा पेशंट झाले. नवी वही कोरी आहे.

गर्दी ओसरल्यावर बाईंनी थर्मासमधला अर्धा चहा मला दिला. नवा प्रोग्रॅम आल्यापासून दुपारी डोकं दुखत नाही म्हणाल्या. अकरा वर्षं दुखत होतं. स्क्रीन पांढरी पडली की बाहेरच्यांना वाटायचं बाई मुद्दाम वेळ काढते. रोज कोणी ना कोणी बोलून जायचं. एकदा एका माणसाने फाईल फेकून मारली, तिचा पत्र्याचा कोपरा लागला. भुवईच्या वर दोन टाके पडले होते, केस बाजूला करून त्यांनी दाखवले. त्या माणसाची आई आत सिरियस होती, त्याचं तरी काय चुकलं, असं म्हणाल्या.

चहा संपवून कप पुसला. मग सहज म्हणाल्या, “ज्याने तो आधीचा प्रोग्रॅम केला ना साहेब, तो माणूस एक दिवससुद्धा इथे येऊन बसला नसणार.”

मी म्हणालो, नसेल.